दिवाणाखाली बसणारी बुंदी

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून जुळे सोलापूरमध्ये राहतो. चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीजवळ वाहनाची धडक बसून पडलेली एक देशी कुत्री काही तरुणांनी उचलून आणली, तिच्यावर उपचार केले आणि दिवाळीनंतर आम्ही ती घरी आणली. तिचे नाव बुंदी. वय दीड-दोन वर्षे असावे. मागच्या पायाचे हाड जुळले आहे, नसबंदी आणि लसीकरणही झाले आहे. मात्र ती दिवसभर दिवाणाखाली बसून राहते. आम्ही खोलीत असलो तर ताटलीला तोंड लावत नाही, रात्री दिवे मालवल्यावर खाते. केरसुणी हातात घेतली की थरथरू लागते. माझ्या यजमानांचा नुसता आवाज आला तरी आणखी आत सरकते. माझ्याजवळ अलीकडे येऊन पाय हुंगून जाते. नळाला पाणी येते त्या दिवशी गल्लीत सगळ्यांच्या मोटारी एकदम लागतात, बादल्या-पिंपांचा खडखडाट होतो, तेव्हा तिला जागेवरच लघवी होते. शेजारी म्हणतात, "तुम्ही लाडावून ठेवली आहे, एकदा ओढून बाहेर काढा, दोन फटके द्या, सरळ होईल." आमचे कुठे चुकते आहे का? तिला आमचा लळा लागेल का?

उत्तर : शेजाऱ्यांचा सल्ला आपण अजून अमलात आणलेला नाही, ही बुंदीच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे; तो यापुढेही आणू नये. दिवाणाखालची ती अंधारी जागा आज तिच्या लेखी साऱ्या घरातली एकमेव खात्रीची जागा आहे. तिथून तिला एकदा जरी ओढून काढले, तरी ती जागाही सुरक्षित नाही एवढाच धडा तिला मिळेल, आणि ज्या हाताने ओढले त्या हाताला पुढच्या वेळी दात लागण्याची शक्यता वाढेल.

सर्वप्रथम तिला पुन्हा एकदा डॉक्टरांना दाखवावे. हाड जुळणे आणि दुखणे थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडक बसलेल्या कुत्र्याच्या खुब्यात किंवा कमरेत महिनोन्‌महिने कळ राहू शकते, आणि जे जनावर दुखण्याच्या धास्तीने अंग चोरून बसते ते पाहणाऱ्याला केवळ भित्रे वाटते. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यांमध्ये गोचिडांमुळे होणारा ताप आपल्या भागात नेहमी आढळतो आणि त्यातही जनावर मलूल होऊन कोपरा धरते, म्हणून त्यासाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी. दुखणे शिल्लक असताना पुढचे सगळे प्रयत्न वाया जातात.

आता भीतीविषयी. पिल्लू साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांचे असते त्या काळात जगातल्या ज्या ज्या गोष्टी त्याच्या पाहण्यात येतात, त्या पुढे त्याला सवयीच्या वाटतात. ज्या येत नाहीत, त्यांच्याविषयी धास्ती राहते. बुंदीने त्या वयात मालमोटारी, पाळी सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार आणि इतर कुत्री पाहिली असतील. छताचा पंखा, मिक्सर, कुकरची शिट्टी, पाय घसरणारी गुळगुळीत फरशी आणि चारी बाजूंनी भिंती तिने पाहिलेल्या नसणार. म्हणून तिच्या भीतीचा मोठा भाग मार खाल्ल्याचा नसून अनोळखीपणाचा असू शकतो. केरसुणी पाहून थरथरणाऱ्या कुत्र्याला कोणीतरी केरसुणीने बडवले असणार, असे आपण लगेच मनात ठरवून टाकतो. ते खरे असेल किंवा नसेलही. मला त्या तर्काचा फारसा उपयोग वाटत नाही, कारण दोन्ही परिस्थितींत करायचे ते एकच आहे.

दिवाणाखालची जागा तिच्यापासून काढून न घेता उलट अधिक चांगली करावी. तिथे जुनी सोलापुरी चादर चौपदरी घालून ठेवावी, दिवाणाच्या दोन बाजूंना पडदा सोडावा, आणि बाहेर पडण्याची वाट आपल्या बसण्याच्या जागेपासून दूर असलेल्या बाजूला मोकळी ठेवावी. ती आत असताना कोणीही वाकून पाहायचे नाही, हात घालायचा नाही, खाली झाडायचे नाही. फरशीवर गोणपाटाच्या किंवा रबराच्या पट्ट्या टाकून दिवाणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत पाय न घसरणारी वाट करून द्यावी. पाय मोडून जुळलेल्या कुत्रीला ही सोय फार मोलाची असते.

त्यानंतर रोज ठरलेल्या वेळी आपण जमिनीवर बसावे, तेही तिच्याकडे तोंड करून नव्हे तर कुशीच्या बाजूने, आणि वर्तमानपत्र वाचत राहावे. तिच्याकडे एकटक पाहू नये. कुत्र्याच्या व्यवहारात रोखलेली नजर ही धमकी असते. मधूनमधून उकडलेल्या कलेजीचा किंवा अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा तिच्या दिशेने टाकावा. इथे बहुतेक घरांत एक गोष्ट उलट केली जाते, म्हणून ती नीट सांगतो. तुकडा तळहातावर धरून कुत्र्याला जवळ बोलावले, तर भुकेपोटी ते पुढे येते खरे, पण मान लांबवून आणि मागचे पाय पळण्याच्या तयारीत ठेवून येते; तुकडा तोंडात पडताच आपण माणसाच्या फार जवळ आलो आहोत हे त्याच्या ध्यानात येते आणि ते दचकून पळते. म्हणजे जवळ येण्याचा शेवट दर वेळी भीतीतच होतो. त्याऐवजी ती एक पाऊल पुढे आली की पुढचा तुकडा तिच्या पाठीमागे, दिवाणाच्या दिशेने टाकावा. तिला मागे वळून, सुटकेचा श्वास घेऊन खाता येते, आणि मग ती पुन्हा आपण होऊन पुढे येते. कुठवर यायचे हे तिचे तिने ठरवावे. आपल्या हाती फक्त तुकडे असावेत.

यजमानांनी मनाला लावून घेऊ नये. पुरुषांचा जाड आवाज, उंची आणि लांब ढांगा यांना कितीतरी कुत्री बिचकतात. पुढचे काही आठवडे घरातली सर्वांत चवदार वस्तू फक्त त्यांच्याकडून मिळावी, आणि त्याखेरीज त्यांनी बुंदीकडून काहीही मागू नये. खोलीत यावे, तिच्याकडे न पाहता दोन तुकडे टाकावेत आणि निघून जावे. हाक नाही, चुचकारणे नाही, हात पुढे करणे नाही. त्यांच्या पावलांच्या आवाजाला ती आत सरकण्याऐवजी नाक बाहेर काढू लागली की मग त्यांनी थोडा वेळ बसायला सुरुवात करावी.

पाण्याच्या दिवसाचे एक बरे असते की तो आधीपासून माहीत असतो. मोटार लावण्यापूर्वी तिचा पोटविधी उरकून घ्यावा, आतल्या खोलीचे दार तिच्यासाठी उघडे ठेवावे, पंखा आणि रेडिओ चालू ठेवावा, आणि चघळायला काहीतरी द्यावे. झालेली लघवी न बोलता पुसून टाकावी. भीतीने सुटलेल्या लघवीवर तिचा ताबा नसतो, आणि त्याबद्दल रागावणे म्हणजे थंडीने कुडकुडणाऱ्याला कुडकुडू नकोस म्हणून दटावण्यासारखे आहे. एरवीच्या शांत दिवशी मोटारीचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून अगदी हळू, तिचा कान जेमतेम वळेल इतक्याच आवाजात लावावा आणि लगेच तुकडा द्यावा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी आवाज, मग खाणे. आधी खाणे आणि मग आवाज असे घडत गेले, तर कलेजी दिसली की आता काहीतरी भयंकर होणार, असे ती समजू लागेल. आवाज वाढवायचा तो कित्येक दिवसांत, आणि तिने खाणे थांबवले की एक पायरी खाली यायचे. ज्या दिवशी पाणी येते त्याच दिवशी तिची अंघोळ, दवाखाना किंवा पाहुणे असे काही ठेवू नये, कारण एकावर एक साचलेले ताण निवायला कुत्र्याच्या शरीराला एखाददोन दिवसही लागतात. आदल्या दिवशी सहज सोसलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सोसत नाही ती यामुळेच.

लाडाने भीती वाढते ही समजूत फार पसरलेली आहे. बसणे किंवा हात देणे या शिकवलेल्या कृती बक्षिसाने वाढतात. भीती ही भावना आहे, ती धीर दिल्याने वाढत नाही. बुंदी घाबरून आपल्याजवळ आली तर तिला खुशाल जवळ बसू द्यावे, शांतपणे बोलावे. "मालक कोण ते तिला दाखवून द्या" या सल्ल्यामागे लांडग्यांच्या कळपाची जी कल्पना आहे, ती मुख्यतः बंदिवासात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून आली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या पुस्तकाचा वाटा होता त्या डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकांनीच १९९९ साली मोकळ्या रानातल्या लांडग्यांवरील आपल्या लेखात स्पष्ट केले, की तिथला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते, गादीसाठी भांडणारी टोळी नव्हे.

किती दिवस लागतील, हे सांगणे अवघड आहे. घरी आणलेल्या कुत्र्याला सावरायला तीन दिवस, रुळायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने लागतात, असा एक ठोकताळा प्रचलित आहे; बुंदीसारख्या कुत्रीला तो पुरणार नाही. वर्ष लागू शकते, आणि काही भीती आयुष्यभर राहू शकतात. ती कधीच पाहुण्यांच्या अंगावर शेपूट हलवत जाणार नाही, असे आत्ताच गृहीत धरून चालावे. दिवाण सोडून आपल्या दोघांबरोबर स्वयंपाकघरात निवांत पडून राहणारी कुत्री हे ध्येय पुरेसे आहे. दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही तर फ्लुऑक्सेटिनसारखी भीती कमी करणारी औषधे उपयोगी पडतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात, त्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती वरच्या सरावाच्या जोडीने द्यायची असतात.

लळ्याविषयी विचारले आहे. तो लागू लागला आहे असे मला आपल्या पत्रावरूनच दिसते : रात्री का होईना पण ती खाते, आणि आपले पाय हुंगून जाते. ती आपल्या पायांशी आली असता खाली वाकून डोक्यावर हात ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. वरून येणारा हात तिला झडप वाटतो. पुढे कधी ती टेकून उभी राहिली, तर छातीच्या बाजूला दोन-तीन सेकंद खाजवून हात काढून घ्यावा. तिने पुन्हा अंग पुढे केले तर आणखी खाजवावे. जिभेने ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवली, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला किंवा पुढचा एक पाय उचलून धरला, तर पुरे असे ती म्हणते आहे. एके दिवशी ती दिवाणाबाहेर, कुशीवर, चारी पाय सैल सोडून झोपलेली आढळेल. त्या वेळी तिला ओलांडून न जाता लांबून वळसा घालून जावे.

फिरायला नेण्याची घाई नको. तूर्त अंगण किंवा गच्ची पुरेल. पुढे नेताना छातीभोवतीचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घालून दोन्हींना दोर जोडावेत, कारण घाबरलेले कुत्रे मागे सरकून एकातून सहज मान काढून घेते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सूर्य वर येण्याच्या आतच परतावे. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद डांबरावर टेकवता येत नसेल, तर तिचे तळवेही तिथे भाजणार.

प्रश्न : आमचे घर सिद्धेश्वर मंदिर परिसरापासून जवळ आहे. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरून आणलेला आमचा शेरू एरवी धीट आहे, पण फटाक्यांना विलक्षण घाबरतो. गेल्या दिवाळीत तो साखळी तोडून पळाला आणि दुसऱ्या दिवशी सापडला. आता संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत काय करावे? ओळखीच्या एका गृहस्थांनी माणसांची झोपेची गोळी अर्धी करून द्यायला सांगितली आहे.

उत्तर : ती गोळी देऊ नये. माणसाच्या गोळीचे प्रमाण कुत्र्याच्या वजनावर अंदाजाने ठरवणे धोक्याचे असते. ताप किंवा वेदनेवरच्या घरगुती गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, यांनी तर कुत्र्याच्या यकृताला, जठराला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा केवळ गुंगीचे औषध मागू नये. अ‍ॅसिप्रोमॅझिन नावाचे जुने औषध अनेक ठिकाणी याच कामासाठी दिले जात असे. त्याने जनावर लुळे पडते, मात्र आवाजाची भीती कमी होत नाही, आणि पाहणाऱ्याला ते शांत झाले असे वाटते. आता ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन अशी भीतीच उतरवणारी औषधे उपलब्ध आहेत. आपल्या डॉक्टरांशी त्यांविषयी बोलावे आणि यात्रेच्या पुष्कळ आधी, एखाद्या शांत दिवशी घरात त्यांची चाचणी घेऊन ठेवावी. प्रत्येक कुत्र्याला लागू पडणारी मात्रा निराळी असते, आणि ऐन होम मैदानावर दारूकाम सुरू झाल्यावर ती शोधत बसता येत नाही. औषध आवाज सुरू होण्यापूर्वी पोटात गेले पाहिजे, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या शहराची एक अडचण अशी, की दिवाळीपुरता बंदोबस्त करून भागत नाही. गणपतीत लेझीम आणि ढोल, त्यानंतर दिवाळी, संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची मिरवणूक आणि शोभेची दारू, पुढे जयंत्यांच्या मिरवणुका असे सहा-आठ महिने काही ना काही चालू असते. हे सण आपलेच आहेत आणि ते होणारच. म्हणून शेरूसाठी एक आतली खोली कायमची ठरवून टाकावी. रस्त्याच्या बाजूला खिडकी नसलेली खोली उत्तम. खिडकी असेल तर तीवर जाड चादरी दुहेरी लावाव्यात. मिरवणुकीच्या दिवशी उन्हे उतरण्यापूर्वीच त्याला फिरवून, खाऊ घालून आत घ्यावे, आणि त्याला साखळीने बांधू नये. बांधलेले कुत्रे घाबरले की गळ्याला फास लावून घेते. रस्त्याचे दार आणि त्याची खोली यांच्यामध्ये आणखी एक दार बंद असावे, कारण यात्रेत घरी पाहुण्यांची ये-जा असते आणि कुत्री पळतात ती बहुधा कोणीतरी चप्पल घालत अर्धवट उघड्या दारात उभे असताना.

गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरलेली पट्टी आजच लावावी. इतके करूनही तो निसटलाच, तर मागे धावू नये आणि चौघांनी मिळून हाका मारू नयेत. घाबरलेले कुत्रे त्या वेळी घरच्यांनाही ओळखत नाही. तो जिथून पळाला तिथे त्याचे अंथरूण आणि खाणे ठेवावे, मध्यरात्रीनंतर वर्दळ थांबली की एकट्यानेच फिरून शोधावे, आणि दिसला तर खाली बसून, पाठ फिरवून, जमिनीवर काहीतरी खायचे सांडून वाट पाहावी.

प्रश्न : आमच्या घरी दत्तक घेतलेली कुत्री आहे. चार वर्षांच्या नातवाने ती झोपलेली असताना तिला मिठी मारली, तेव्हा ती गुरगुरली. माझ्या मुलाने तिला जोरात चापट मारली. त्यानंतर ती नातवावर एकदाही गुरगुरलेली नाही. ती सुधारली असे समजावे का? — अक्कलकोट रोड

उत्तर : तसे समजू नये, आता ती अधिक धोक्याची झाली आहे. गुरगुरणे ही तिची सूचना होती. सूचना दिल्यावर मार बसतो हे तिला कळले, म्हणून तिने सूचना देणे सोडले. नातवाच्या मिठीची धास्ती मात्र कमी झालेली नाही, उलट त्यात चापटीची भर पडली. अशी कुत्री पुढे एखाद्या दिवशी न गुरगुरता चावते आणि मग घरचे म्हणतात, अचानक चावली. लहान मुलांना होणारे चावे पुष्कळदा ओळखीच्या कुत्र्याचेच असतात, हे ध्यानात ठेवावे.

मूल आणि कुत्री एका खोलीत असताना एक मोठे माणूस हातातले काम बाजूला ठेवून हजर असावे. ते शक्य नसेल तर दोघांमध्ये जाळीचे दार असावे. ती खात असताना, झोपली असताना आणि आपल्या कोपऱ्यात असताना तिच्याकडे जायचे नाही, हा नियम नातवाला शिकवावा, आणि चार वर्षांचे मूल तो विसरणार हे धरून चालावे. मिठी मारणे माणसाला मायेचे वाटते, कुत्रीला ते पकडणे वाटते. नातवाला तिच्यासाठी काही करायचेच असेल, तर मोठ्यांच्या देखत दुरून तुकडा टाकू द्यावा.

चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी, तीवर हळद, चुना किंवा मिरची लावू नये, आणि कुत्रीला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीविषयी त्यांचा निर्णय घ्यावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. कुत्रीची वार्षिक लस चुकवू नये.

प्रश्न : आमचे कुत्रे इतके भित्रे आहे की फक्त आईच्याच हातचे खाते, आणि आई त्याला शेंगाची चटणी लावून ज्वारीची भाकरी देते. चालेल का? — बाळे

उत्तर : भाकरी चालेल, चटणी नको. शेंगाच्या चटणीत लसूण असतो, आणि लसूण व कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. शिवाय मीठ आणि तिखट आहेच. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही त्याला कधी देऊ नयेत. मात्र एकदम चटणी बंद केली तर भित्रे कुत्रे आईच्या हातचेही खाईनासे होईल, म्हणून भाकरी बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या चिकनच्या पाण्यात कुस्करून आईनेच, त्याच ठिकाणी आणि त्याच वेळी द्यावी. ती रुळली की त्यात उकडलेले अंडे किंवा चिकन वाढवत न्यावे, कारण नुसत्या भाकरीतून त्याला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. शिजवलेली हाडे मात्र काढून टाकावीत. त्यांच्या टोकदार कपच्या घशात आणि आतड्यात रुततात. आईच्या शेजारी बसून घरातल्या दुसऱ्या कोणी तीच भाकरी आईच्या हाती देत राहावे आणि काही आठवड्यांनी एखादा घास स्वतः जमिनीवर ठेवून पाहावा.